उजेडाकडे पाठ

१

जयमाला मुणगेकर बाईंनी पनवेलच्या एका शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आनुवंशिकतेचा धडा यायचा. उंच वाटाणा, बुटका वाटाणा. पहिली पिढी सगळी एकसारखी, दुसऱ्या पिढीत तीनास एक. फळ्यावर चौकोन आखून हे त्यांनी इतक्या वेळा समजावलं होतं, की झोपेतही सांगता आलं असतं. पण स्वतःच्या हातानं एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावायची वेळ कधी आली नव्हती. रिटायर झाल्यावर करू, असं मनात होतं.

रिटायर व्हायला चार महिने उरलेले असताना त्यांचे यजमान दिलीपराव एका सकाळी दाढी करता करता बेसिनपाशी कोसळले. तळोज्याच्या कारखान्यात आयुष्यभर बॉयलर सांभाळलेला धडधाकट माणूस. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घास भरवला की गिळायचे, कूस बदलून दिली की तसेच पडून राहायचे. डोळे उघडे असायचे, पण ते छताला लागलेले. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या तरी नजर त्यांच्यावर उतरायची नाही. दोन वर्षांत ती एकदाही उतरली नव्हती.

नावडे कॉलनीतला त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आतल्या खोलीला पूर्वेची गॅलरी, मध्ये सरकती काच, काचेला लागून दिलीपरावांची कॉट. सकाळी साडेसहाला ताप बघायचा, रक्तदाब बघायचा, वहीत लिहायचं. आठला जाईबाई यायची. ती नावडे गावातलीच, हाडानं मजबूत, बोलायला मोजकी. दिलीपरावांना पुसून काढणं, कपडे बदलणं, दोनपर्यंत सगळं तिच्याकडे. त्या मधल्या वेळात बाईंना काही करायला नसायचं, आणि काही केलं नाही तर डोकं फिरेल अशी वेळ आली होती.

तेव्हा त्यांनी टोमॅटो लावले. जाईबाईनं आपल्या परसातलं गावठी रोप आणून दिलं: पाकळ्या पाडल्यासारखं चपटं, लाल, आंबट फळ. दुसरं, पाकिटातल्या बियांचं, द्राक्षाएवढं पिवळं. दोन्ही फुलांवर आली तशी बाईंनी चष्मा लावून, चिमट्यानं गावठी फुलातले पुंकेसर उमलायच्या आधीच काढले, पिवळ्याचे पराग रंगाच्या ब्रशनं कुक्षीला लावले, फुलावर मलमलीची पिशवी बांधली आणि देठाला लाल दोरा. एकच फळ धरलं. ते पिकल्यावर बी धुऊन, वाळवून पाकिटात भरलं आणि वर तारीख घातली.

पावसाळा सरत आल्यावर त्यातल्या दहा बिया दहा कुंड्यांत लावल्या. बाकीच्या पाकिटातच राहिल्या.

२

ऑक्टोबरच्या मध्यावर रोपं वीतभर झाली, आणि बाईंच्या लक्षात आलं की ती चुकीच्या बाजूला वाकताहेत.

गॅलरीत सकाळी साडेसातपासून अकरापर्यंत ग्रिलमधून थेट ऊन यायचं. झाड उजेडाकडे वळतं, हे पाचवीतलं पोरही सांगेल. कोपऱ्यातलं पिवळ्या टोमॅटोचं जुनं झाड नियमाप्रमाणे ग्रिलबाहेर डोकावत होतं. ही दहा रोपं मात्र उन्हाकडे पाठ करून खोलीकडे वाकली होती. दहाच्या दहा.

बाईंनी कारण शोधलं. खोलीची भिंत पांढरी, तिच्यावरून उजेड परततो, रोपं त्याला फसली असतील. त्यांनी काचेला आतून काळसर चादर लावली आणि कुंड्या अर्ध्या फिरवून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रोपं पुन्हा खोलीकडे होती. देठांना एका दिवसात पीळ पडला होता, ओला कपडा पिळावा तसा.

तीन दिवस त्या कुंड्या फिरवत राहिल्या आणि रोपं वळत राहिली. चौथ्या दिवशी देठ तुटेल या भीतीनं त्यांनी नाद सोडला, चादरही काढून टाकली.

जाईबाई कपडे वाळत घालायला गॅलरीत आली, तेव्हा तिनं थोडा वेळ बघितलं.

"बाई, ही झारां आत कनाला बघतान?"

"काहीतरी गडबड आहे उजेडाची. बघते."

"आमचे परसानची अशी कई झाली नाय," जाईबाई म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली. त्या दिवसापासून ती कपडे हॉलच्या खिडकीत वाळत घालायला लागली.

३

डिसेंबरात फळं धरली. लाल आणि पिवळ्याचा संकर, पहिली पिढी. फळं लाल आणि मध्यम यायला हवीत, असं बाईंनी वहीत आधीच लिहून ठेवलं होतं. फळं लाल झाली नाहीत. हिरवी फिकट होत होत ती गव्हाळ रंगावर येऊन थांबली. लांबट होती, टोकाशी थोडी निमुळती. सालीवर बारीक लव होती. एकेका घोसात पाच. कमी नाही, जास्त नाही.

बाईंनी एक कापलं. आत गर होता, बी नव्हतं. दुसरं कापलं, त्यातही नव्हतं. बिनबियांचं फळ येऊ शकतं, लव असलेल्या जाती असतात, रंगाला चारपाच जनुकं कारणीभूत असतात. प्रत्येक गोष्टीला पुस्तकात उत्तर होतं. सगळ्या गोष्टी एकत्र मांडल्या की मात्र कुठलंच उत्तर पुरत नव्हतं.

मग त्यांनी एक फोड तोंडात घातली.

आंबट नाही, गोड नाही. किंचित खारट. लहानपणी स्वतःचं बोट चोखावं तशी चव. त्यांनी ती बेसिनमध्ये थुंकली आणि बराच वेळ चुळा भरत राहिल्या.

क्षिप्राचा, त्यांच्या मुलीचा, रोज सकाळी बंगळुरूहून फोन यायचा. त्या दिवशी तिनं विचारलं, "टोमॅटो कसे आलेत गं?"

"फसलेत," बाई म्हणाल्या.

"मग टाकून दे ना. नवीन लाव."

"बघू."

टाकावेसे का वाटले नाहीत, हे त्यांचं त्यांना कळलं नव्हतं. एवढंच, की मागच्या आठवड्यापासून दिलीपरावांची नजर छतावर नव्हती.

४

त्या दिवसांत सकाळी चांगलाच गारठा होता. पावणेसातला, ऊन यायच्या आत, बाई झाडांना पाणी घालत होत्या. एका घोसाला मनगट लागलं आणि त्यांनी ते झटक्यानं मागे घेतलं. फळ कोमट होतं.

त्यांनी पिवळ्या झाडाची फळं चाचपली. थंडगार. कुंड्यांची माती थंड, ग्रिल थंड. गव्हाळ फळं, दहाही झाडांची, कोमट.

दिलीपरावांचा डिजिटल थर्मामीटर खिशातच होता. बाईंनी तो दोन फळांच्या मध्ये धरला. बीप वाजला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. पंधरा मिनिटांपूर्वी वहीत दिलीपरावांपुढे हाच आकडा लिहिला होता. थर्मामीटर मागचं रीडिंग दाखवत असेल, म्हणून त्यांनी तो बंद करून पुन्हा लावला. तोच आकडा. पिवळ्याला लावला तर त्यानं नुसतं 'लो' दाखवलं.

जानेवारीच्या सुरुवातीला दिलीपरावांना सर्दी झाली, छाती घरघरू लागली, ताप शंभर पॉइंट दोन. औषध देऊन बाई गॅलरीत गेल्या. जायला नको, असं त्या स्वतःला बजावत होत्या. फळांनाही शंभर पॉइंट दोन होता. तिसऱ्या दिवशी दोघांचा उतरला.

हे कुणाला सांगायचं? बाईंनी रात्रंदिवस विचार केला तेव्हा एकच माणूस डोळ्यांसमोर आला, आणि तो कॉटवर पडून गॅलरीकडे बघत होता.

कारण आता ते बघत होते. यात शंका राहिली नव्हती. मान पूर्ण वळलेली, बुबुळं स्थिर, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी, जे बाईंनी क्षिप्राच्या जन्माच्या वेळी शेवटचं पाहिलं होतं. त्या काचेपुढे आडव्या उभ्या राहिल्या. दिलीपराव बाई बाजूला होण्याची वाट बघत राहिले.

५

"बाई, दादांचा हात हलतंय," जाईबाईनं हाक मारली तेव्हा बाई स्वयंपाकघरात होत्या. पोळी तव्यावर टाकून त्या धावल्या.

उजवा हात. लाकडासारखा पडलेला हात चादरीवर होता आणि त्याची बोटं हलत होती. हलत होती म्हणजे, तासाच्या काट्यासारखी. बघताना कळायचं नाही, दहा मिनिटांनी पुन्हा बघितलं की सरकलेली दिसायची.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. दोन वर्षांनीही कधी कधी सुधारणा दिसते, म्हणाले, चांगलं लक्षण आहे, जे चाललंय ते चालू ठेवा. क्षिप्राला व्हिडिओवर दाखवलं तेव्हा ती रडायला लागली.

"आई, काहीही बदलू नकोस. बेड तिथेच ठेव. त्यांना गॅलरी आवडतेय बहुतेक, झाडं बघतायत ते. मी महिनाअखेर येते."

"ये," बाई म्हणाल्या. त्यांनाही रडू येत होतं. बऱ्याच दिवसांनी त्या रात्री त्यांना झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॉटशी खुर्ची ओढली आणि त्या हलत्या बोटांच्या वाटेत स्वतःचा तळहात ठेवला. छत्तीस वर्षांचा संसार होता. ही बोटं आपल्या हातावर मिटतील, एवढीच अपेक्षा. त्या पाऊण तास बसून राहिल्या. बोटं त्यांच्या तळव्याला टेकली, थांबली, मग दगड आडवा आल्यावर मूळ जसं वळसा घालतं तशी कडेनं निघाली आणि पलीकडे गेली. गॅलरीच्या दिशेनं.

"अहो," बाई म्हणाल्या. "मी इथे आहे."

दिलीपरावांनी ऐकलं असेल. तसं काही दिसलं नाही.

काचेपलीकडे झाडं आता खांद्याएवढी झाली होती. सगळ्यांचे शेंडे काचेला टेकले होते. बाईंनी फडक्यानं काच पुसली तर आतून स्वच्छ झाली. बाहेरून तिच्यावर दहा ठिकाणी वाफ धरली होती.

६

त्या शुक्रवारी दुपारी एकला लाइट गेली. पंखा थांबला तशी खोली एकदम मोठी वाटायला लागली. जाईबाई आत भांडी घासत होती, तिनंही नळ बंद केला असावा, कारण कुठूनच आवाज येईना. बाई हॉलमध्ये बसल्या होत्या. घाम यायला लागला तेव्हा त्यांना आठवलं, की सकाळी हवा यावी म्हणून जाईबाईनं खोलीची काच बोटभर सरकवली होती.

"ये."

आवाज दिलीपरावांचा होता. घोगरा, वापरात नसलेला, पण त्यांचाच. बाई उठल्या. दोन वर्षांत त्या घरात तो आवाज उमटला नव्हता, आणि तो उमटल्यावर आपण कशा धावू, काय बोलू, हे त्यांनी हजारदा मनात घोळवलं होतं. पण त्या धावल्या नाहीत. कारण कुणाला बोलावलंय, ते त्यांना आत जायच्या आधीच कळलं होतं.

दाराशी उभं राहून त्यांनी बघितलं.

काचेच्या फटीतून एका झाडाचा शेंडा आत आला होता. कॉटच्या कठड्यावरून तो चादरीवर उतरला होता. टोकाला पाच फळांचा घोस. दिलीपरावांचा उजवा हात तिथेच होता. गव्हाळ, निमुळतं, लव असलेलं, एकात एक गुंतलेलं. वाऱ्याचा मागमूस नव्हता आणि ते सगळं मिळून सावकाश मिटत होतं. बाईंनी मोजायचा प्रयत्न केला. पाच आणि पाच. त्यातली कुठली कुणाची, ते सांगता येईना. पुन्हा मोजलं. तेव्हा अकरा भरली.

दिलीपराव हसत होते. डाव्या बाजूनं नव्हे. पूर्ण चेहऱ्यानं.

पुढचं बाईंनी भीतीपोटी केलं असं त्या स्वतःला सांगतात, आणि ते खोटं नाही. पण ते हसू बघताना जे आतून उसळलं, ती भीती नव्हती. दोन वर्षं घास भरवला, शी-मूत काढलं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस वळवली. इतक्या दिवसांत त्यांच्या वाट्याला एक नजर आली नव्हती.

त्यांनी शिवणाची कात्री आणली. आधी काचेपाशी देठ कापला. मग गॅलरीत जाऊन बुडापासून एकेक झाड. जाईबाई हात पुसत आली, उंबऱ्यावर थबकली.

"बाई, दादा बोललं ना आता. मी आयकलं."

"गोणी आण."

"इचार करा जरा."

"जाईबाई, गोणी आण."

जाईबाईनं गोणी आणली, पण झाडांना हात लावला नाही. काही किंचाळलं नाही, रक्त आलं नाही. टोमॅटोचं झाड कापल्यावर येतो तोच उग्र हिरवा वास आला आणि बाईंची बोटं नेहमीसारखी काळपट झाली. चादरीवरचा घोस त्यांनी सोडवून घेतला तेव्हा पाच फळं होती, आणि दिलीपरावांच्या हाताला पाच बोटं.

लाइट आली. पंखा फिरायला लागला. दिलीपरावांचा हात पालथा पडला होता.

७

त्यानंतर तो हात हलला नाही. शब्द नाही. नजर मात्र छतावर परत गेली नाही. रिकाम्या गॅलरीवर तशीच राहिली. बाईंनी कॉट फिरवून घेतली, डोकं पायाशी केलं. सकाळी मान पुन्हा त्या बाजूला. मानेला पीळ पडायला लागला तेव्हा त्यांनी कॉट पूर्वीसारखी लावली.

महिनाअखेरीला क्षिप्रा आली. "झाडं कुठे गेली?"

"कीड लागली होती."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना," बाई म्हणाल्या. दोन दिवस बाबांचा हात हातात धरून क्षिप्रा बसून राहिली आणि डोळे पुसत परत गेली.

ती गेल्यावर बाईंनी कपाटातून पाकीट काढलं. त्याच फळातलं, त्याच लाल दोऱ्याच्या फळातलं उरलेलं बी. त्याच कुंड्या, तीच माती, तीच जागा. झाडांशी आपलं काही भांडण नाही, असं त्या पाणी घालताना पुटपुटायच्या. ऐकलं तर जाईबाई दुसरीकडे बघायची.

रोपं आली आणि उन्हाकडे वळली. ग्रिलमधून बाहेर डोकावली. एप्रिलमध्ये फळं धरली: लाल, गोल, मध्यम, सगळी एकसारखी. बाईंनी पहिलं कापलं, आत गच्च बिया होत्या. चव आंबटगोड. एकतीस वर्षं फळ्यावर काढत आल्या तेच, अक्षरशः तेच. त्या ओट्याशी उभ्या राहून हुंदके देऊन रडल्या. जाईबाईनं गॅस बारीक केला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"चांगलं आल्यान की, बाई."

"हो," बाई म्हणाल्या. "चांगले आलेत."

८

वहीतले आकडे फेब्रुवारीपासून उतरत होते. सत्त्याण्णव. पंचाण्णव पॉइंट आठ. त्र्याण्णव. डॉक्टरांनी आधी मशीनला दोष दिला, मग दिलीपरावांना हॉस्पिटलमध्ये हलवलं. तिथे चार दिवस गरम हवेच्या पांघरुणात ठेवलं. रिपोर्ट सगळे ठीक आले. पांघरूण काढलं की अंग पुन्हा निवायचं. कारण कुणी सांगू शकलं नाही. घरी घेऊन जा, म्हणाले.

आता सकाळी साडेसहाला थर्मामीटर फक्त 'लो' दाखवतो. बाईंनी बॅटरी बदलली. स्वतःच्या काखेत लावून बघितला, तिथे आकडा बरोबर येतो. दिलीपराव गिळतात. श्वास चालू आहे, नाडी आहे. हाताला ते खोलीइतकेच थंड लागतात, पाण्याच्या तांब्याइतके. हे असं किती दिवस चालेल, हे विचारायला बाई आता डॉक्टरांकडे जात नाहीत.

लाल टोमॅटो त्यांनी जाईबाईला देऊन टाकले, कुंड्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. मोकळ्या गॅलरीत, काचेपलीकडे, जिथे सगळ्यांत उंच झाड होतं नेमक्या त्या जागी, त्यांनी एक स्टूल मांडलं. सकाळचं आवरलं की त्या तिथे खोलीकडे तोंड करून बसतात. पाठ उन्हानं भाजते. दिलीपराव बघत असतात. पहिल्या दिवशी बाईंना वाटलं, आपल्याकडेच बघतायत. मग लक्षात आलं की नजर त्यांच्या डोक्यावरून, वीतभर वर, त्या झाडाचा शेंडा असायचा तिथे लागली आहे.

त्यांनी स्टुलाच्या पायांखाली एकेक वीट ठेवली. आठवड्यानं दुसरी.

"बाई, पराल," जाईबाई दारातून म्हणाली. "उतरा खाली. जेवून घ्या."

"आलेच."

आता चारी पायांखाली तीन तीन विटा आहेत. बाई डाव्या हातानं ग्रिल धरून, मान ताठ करून बसतात. नजर अजून थोडी वरच असते.